पडद्याकडे न बघणारा मामा

माझा मामा मॉनिटर जुळवतो. तारेचं वाद्य जुळवतात ना, तसा. आमच्याकडे व्हिडिओची कामं करणारे जेवढे म्हणून स्टुडिओ आहेत, त्या सगळ्यांचे पडदे मामाच्या हाताखालून गेलेत. मॉनिटर ही मोठी लबाड जात. नवा आणला की तो स्वतःच्या मनाचे रंग दाखवतो, आणि जुना होत गेला की गुपचूप आणखी वेगळे दाखवायला लागतो. त्याच्यावर विश्वास ठेवून तुम्ही नवरीचा चेहरा छान उजळ करून द्यावा, आणि तिने घरी जाऊन बघावं तर कावीळ झाल्यासारखी दिसावी! म्हणून रंगाचं काम करायच्या आधी पडद्याला खरं बोलायला लावावं लागतं. ते काम मामाचं.

आणि माझ्या मामाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही.

हसा, खुशाल हसा. मीही हसते. पण ही गोष्ट घरात फक्त तिघांना माहीत होती: मामाला, मामीला आणि मला. आणि बाहेर एकाला जरी कळली असती तरी मामाचा धंदा बसला असता. रंगांधळ्या माणसाला रंग जुळवायला कोण बोलावणार? उद्या तुम्ही बहिऱ्याकडून वाद्य जुळवून घ्याल का? नाही ना? मग झालं तर.

मला कळलं ते मी शाळेत असताना. झाडाच्या चित्रात रंग भरायचे होते, मी कंटाळले, मामाने भरून दिले. पानं सगळी तांबडी आणि खोड हिरवंगार. वर्गातल्या पोरांनी माझी इतकी टर उडवली की मी घरी येऊन मामाच्या अंगावर वही फेकली. मामाने चित्र हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि मला हळूच विचारलं, “यात चुकलंय काय?” मग मामीने मला आत नेऊन सगळं समजावलं, आणि वर दम दिला की बाहेर बोललीस तर याद राख. मी बोलले नाही. माझं तोंड म्हणजे सगळ्या घराला काळजी, मामा मला मिरचीच म्हणतो. मिरची लाल की हिरवी हे त्याला कळत नसलं तरी तिखट आहे हे बरोबर कळतं. पण ही गोष्ट मात्र मी पोटात ठेवली.

आता तुम्ही म्हणाल, असा माणूस या धंद्यात शिरलाच कसा? तर मामा आधी टीव्ही दुरुस्त करायचा. टीव्हीच्या आतल्या बारक्या सुट्या भागांवर रंगांचे पट्टे असतात, ते वाचून बाकीचे कारागीर पटकन सांगायचे हा अमुक किमतीचा, तो तमुक. मामाला पट्टे कळायचेच नाहीत. मग तो प्रत्येक भाग मीटरवर मोजायचा. दुकानाचा मालक सगळ्यांना ओरडून सांगायचा, “शिका जरा याच्याकडून! पट्ट्यावर विश्वास ठेवत नाही, मोजून बघतो!” मामाचे सेट परत कधी बिघडून यायचे नाहीत, कारण पट्टे चुकलेले असले तरी मामा चुकत नसे. तिथेच त्याच्या मनात ठसलं की डोळा लबाड असतो आणि यंत्र खरं बोलतं. पुढे टीव्ही दुरुस्तीचे दिवस गेले, व्हिडिओचे स्टुडिओ आले, आणि त्यांना मोजून देणारा माणूस हवाच होता.

पडदा जुळवायचं यंत्र लिंबाएवढं असतं, काळं, गुळगुळीत. त्याला सगळे प्रोब म्हणतात, मामा त्याला पंच म्हणतो. पंचांच्या पोटात रंगीत काचा असतात, त्यातून ते पडद्याचा उजेड मोजतात. मामा आला की पहिलं काम म्हणजे खिडक्या बंद, दिवे मंद. पडदा आधीपासून चालू करून तापवलेला हवा, नाहीतर मामा तापायचा. मग मऊ फडक्याने काच पुसायची, पंचांची वायर पडद्याच्या मागे सोडून त्यांना बरोबर मध्यावर टेकवायचं, आणि कॉम्प्युटरवर एक बटण दाबायचं. पंचांच्या नाकाखाली चौकोन उमटायला लागतात: काळा, राखाडी, आणखी राखाडी, पांढरा, मग लाल, हिरवा, निळा. पंच मोजतात, कॉम्प्युटर हिशेब करतो, आणि पडद्याला सांगतो की बाबा रे, तू निळा जरा जास्त मारतोस, आवर.

आणि एवढं सगळं चालू असताना मामा काय करायचा? पडद्याकडे पाठ करून बसायचा. चहा प्यायचा, वर्तमानपत्रातलं कोडं सोडवायचा. काम झालं की आकडे तपासायचा, पंचांना पिशवीत घालायचा, मॉनिटरच्या बटणांवर चिकटपट्टी मारायचा म्हणजे मागून कोणी हात लावायला नको, आणि चालायला लागायचा. पडद्यावर चित्र कसं दिसतंय हे त्याने कधी म्हणजे कधी बघितलं नाही. बघून करणार काय, कपाळ! पण स्टुडिओवाल्यांना ते भलतंच भारी वाटायचं. “मामा पडद्याकडे बघतसुद्धा नाहीत,” असं लोक एकमेकांना कौतुकाने सांगायचे. एका दाढीवाल्या एडिटरने तर त्याची नक्कल सुरू केली. तोही पाठ करून बसायला लागला, आणि एकदा अख्खं लग्न उलट्या क्रमाने जोडून ठेवलं.

मामी दोऱ्या-बटणांच्या दुकानात बसते. तिची नजर अशी की कापडाचा तुकडा हातात घ्यायची, दारातल्या उजेडात एकदा धरायची, आणि मागे न बघता फळीवरून बरोबर तोच दोरा काढायची. मामाचे शर्ट, मोजे, स्वेटर सगळं तिच्या नजरेखालून जायचं. मामा एकटा बाजारात गेला की हटकून कच्चे टोमॅटो घेऊन यायचा. मामी ते खिडकीत मांडून ठेवायची आणि म्हणायची, “असू द्या, पुढच्या आठवड्यात पिकतील.”

असं सगळं सुखात चाललं होतं. मी स्वतः एका स्टुडिओत रंगाच्या कामाला लागले. तिथल्या मॅडम कडक, पण मनाने सरळ. कामात चूक दिसली की सोलून काढायच्या, आणि चांगलं झालं की स्वतःच्या हाताने चहा करून द्यायच्या. आमचे पडदे अर्थातच मामाच जुळवायचा.

हळूहळू एक विचित्र गोष्ट व्हायला लागली. जो कॅमेरावाला चित्रण आणून देईल, त्याच्या चित्रणात लाल जास्त. मी वैतागून म्हणायची, “अहो, हे काय? सगळी माणसं भाजल्यासारखी दिसतायत!” तो बिचारा शपथा घ्यायचा. दुसऱ्या स्टुडिओत विचारावं तर तिथेही हीच रड. हल्लीचे कॅमेरेच लाल मारतात, असं आमच्या सगळ्यांच्या मताने ठरून गेलं. एका कॅमेरावाल्याने तर आपला चांगला चालता कॅमेरा विकून टाकला. आम्ही आपले लाल कमी करायचो, चित्र छान दिसायचं, आणि पुढे पाठवायचो. कोणी गिऱ्हाईक म्हणालं की माझ्या फोनवर चेहरे जरा हिरवट दिसतात, तर आम्ही हसून सांगायचो, “फोनचं काय घेऊन बसलात!”

मग तो पोहण्याचा चित्रपट आला. एका तरुण दिग्दर्शिकेने केला होता. म्हाताऱ्या माणसांच्या पोहण्याच्या क्लबवर, छोटासाच, पण असा गोड की मी काम करता करता दोनदा रडले. एक आजी त्यात आयुष्यात पहिल्यांदा पाण्यात उतरते. तिचा चेहरा मी इतका जीव लावून केला होता की काय सांगू. मोठ्या सभागृहात, मोठ्या पडद्यावर तो पहिल्यांदा दाखवणार होते. मी नवे कपडे घालून गेले.

दिवे गेले, चित्रपट सुरू झाला. सगळे आजी-आजोबा हिरवे! बोट लागल्यासारखे, आत्ता ओकतील की मग असे. आजी पाण्यात उतरते त्या प्रसंगाला लोकांच्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं, तर मागच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “अरे, काढा त्यांना बाहेर!” आणि सगळं सभागृह हसलं. दिग्दर्शिका उठून बाहेर गेली. तिच्या मागे जायची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला उभं केलं. मग मामाला बोलावलं. मामा आला, पंचांना पडद्यावर टेकवलं, पाठ करून बसला. निकाल आला: पडदा अगदी बरोबर. मामा उठला आणि म्हणाला, “पडद्यात दोष नाही. त्या सभागृहाचं यंत्र तपासा, नाहीतर आमच्या मिरचीचे डोळे तपासा.”

“माझे डोळे?” मी किंचाळलेच. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी तिथल्या तिथे त्याला पुरून उरले असते. पण हा माणूस, ज्याला पिकलेला टोमॅटो कळत नाही, तो माझ्या डोळ्यांत खोट काढत होता, आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता! मी ओठ आवळून बाहेर गेले आणि जिन्यावरची कुंडी लाथेने पाडली. मग पुन्हा माती भरून ठेवली. कुंडीची काय चूक.

मॅडम स्वस्थ बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी ओळखीतून एक कोरा नवा मॉनिटर दोन दिवसांसाठी मागवला, कारखान्यातून जुळवूनच आलेला, आणि आमच्या मॉनिटरच्या शेजारी ठेवला. दोन्हीवर नुसता पांढरा पडदा लावला. आणि बघतो तर काय, आमचा पांढरा गुलाबी! चक्क लहान मुलाच्या दुपट्यासारखा गुलाबी. एकटा असताना तो वर्षानुवर्षं पांढरा वाटत होता, कारण डोळ्याला सवय होते. शेजारी खरा पांढरा आल्यावर पितळ उघडं पडलं.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पंच म्हातारे झाले होते! त्यांच्या पोटातल्या लाल काचेने दम सोडला होता, त्यांना लाल कमी दिसत होतं, म्हणून ते प्रत्येक पडद्याला लाल वाढव म्हणून सांगत होते. आणि आम्ही सगळे त्या लाल पडद्यावर बघून चित्रातला लाल काढून टाकत होतो. सगळे स्टुडिओ एकमेकांशी जुळत होते, कारण सगळे एकाच पंचांनी चुकवले होते. यंत्र मधूनमधून कंपनीकडे तपासायला पाठवायचं असतं. पण मामा म्हणायचा, पंचांना कोण तपासणार?

दुसऱ्या कोणाच्या हातात असे पंच असते तर त्याला केव्हाच संशय आला असता. मामाला येणार कुठून?

मॅडमनी मामाला पुन्हा बोलावलं. त्याला काही न सांगता दोन पडद्यांसमोर उभं केलं. मी मॅडमच्या मागे होते. दाढीवाला एडिटरही आला होता, कारण त्याच्याकडेही तीच बोंब.

“मामा,” मॅडम म्हणाल्या, “यातला गुलाबी पडदा कोणता?”

सांगायचं नुसतं डावा किंवा उजवा! मी मॅडमच्या खांद्यामागून मामाकडे बघितलं आणि हनुवटीने डावीकडे खूण केली. मामाने बघितलं. मी पुन्हा केली. खोकले. डावा पाय जमिनीवर आपटला. मॅडम म्हणाल्या, “तुला काय होतंय गं?”

मामा पडद्यांकडे बघत होता. एकदा या, एकदा त्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्याला पडद्याकडे बघताना बघत होते. मग तो माझ्याकडे वळला.

“मिरची, हनुवटी खाली कर,” तो म्हणाला. “मॅडम, मला नाही कळत. मला दोन्ही सारखे दिसतात. मला लाल-हिरवं जन्मापासून कळत नाही.”

दाढीवाल्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

“तुम्हाला सगळ्यांना यातला एक गुलाबी दिसतोय?” मामाने विचारलं. “खरंच?”

“डावा,” दाढीवाला पुटपुटला.

“आणि याआधी कधी जाणवलं नव्हतं?”

मॅडमनी मान खाली घातली. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. “मला मागे एकदा वाटलं होतं,” त्या म्हणाल्या. “पांढऱ्या भिंती जरा लालसर वाटल्या होत्या. पण म्हटलं, तुम्ही जुळवलंय. माझंच चुकत असेल.”

“मलाही वाटलं होतं,” दाढीवाला म्हणाला. “म्हणून तर मी चष्मा बदलला.”

मामाचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरले. तो सहसा चिडत नाही. पण तेव्हा चिडला. “मग बोलला का नाहीत? अहो, मला दिसत नाही म्हणून मी यंत्रावर भरवसा ठेवला. तुम्हाला तर डोळे होते! देवाने धडधाकट डोळे दिलेत, त्यांना दिसत होतं, आणि तुम्ही कॅमेरे विकता? चष्मे बदलता?” मग त्याचा आवाज एकदम खाली आला. “त्या पोरीचा चित्रपट माझ्यामुळे गेला. माझीच चूक आहे, तुम्हाला काय बोलतोय मी.”

त्याने पंचांना पिशवीत घातलं. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही आता जा, मामा.” तो गेला. मला वाटलं, संपलं.

घरी गेल्यावर मामीने सगळं ऐकून घेतलं आणि पहिली गोष्ट म्हणाली ती अशी: “बरं झालं. मला मेलीला झोपेत बडबडायची सवय, रोज धास्ती वाटायची.” मामाला हसू आलं नाही. तो म्हणाला, आता आपण तुझ्याच दुकानात बसणार. बसला बिचारा. तिसऱ्याच दिवशी एका बाईला हिरव्या कोटासाठी तपकिरी बटणं दिली, ती भांडायला परत आली. मामीने त्याला गल्ल्यावर बसवलं.

पण मामा गप्प बसला असता तर तो माझा मामा कसला. ज्या ज्या स्टुडिओचे पडदे त्याने जुळवले होते, तिथे तो एकेक करून स्वतः गेला. दारात उभं राहून सांगायचा, “माझ्या यंत्राने तुमचे पडदे लाल केलेत, आणि मला ते कळलं नाही कारण मला लाल दिसत नाही.” काही ठिकाणी लोक हसले. काही ठिकाणी दार लावून घेतलं. एकाने विचारलं, “मग इतकी वर्षं आम्हाला उल्लू बनवलंत?” मी एकदा त्याच्याबरोबर गेले होते, त्या माणसाला मी उत्तर दिलं. ते इथे लिहिण्यासारखं नाही. मामाने मला पुन्हा बरोबर नेलं नाही.

त्याने नवे पंचही आणले. घरच्या टीव्हीवर, माझ्या लॅपटॉपवर, शेजारच्यांच्या टीव्हीवर लावून बघायचा. बाहेरून बोलावणं मात्र एकही येईना. संध्याकाळी फोन वाजला की तो पटकन उचलायचा, आणि मग म्हणायचा, “अगं, तुझाच आहे.” मामी दोऱ्यांचा गुंता सोडवत बसायची आणि त्याच्याकडे बघायची नाही. मला ते बघवेना. स्टुडिओत मी मॅडमशी कामापुरतं बोलत होते आणि दारं जरा जोरात लावत होते.

मॅडमनी दुसऱ्या माणसांना बोलावून बघितलं. पहिला आला तो यंत्र लावायचा, आणि मग स्वतःच्या आवडीने थोडा निळा चढवायचा, म्हणे असं जरा उठून दिसतं. दुसऱ्याला सगळं उन्हात ठेवल्यासारखं पिवळं आवडायचं. तिसरा आला आणि मॅडमना विचारू लागला, “तुम्हाला कसं पाहिजे, ते सांगा.” त्याला मॅडमनी चहाही दिला नाही.

मग एके सकाळी त्या माझ्या टेबलापाशी आल्या. “तो पोहण्याचा चित्रपट पुन्हा दाखवणार आहेत,” त्या म्हणाल्या. “सगळे रंग पुन्हा करायचे आहेत. दिग्दर्शिका स्वतः येऊन बसणार. पडदा जुळवायला मामांना बोलाव. ते निदान स्वतःची आवड मध्ये आणत नाहीत. पण माझी एक अट आहे. यंत्राचं झालं की माणसाच्या डोळ्याने बघायचं, आणि बघायचा तो माणसाचा चेहरा. ज्यांनी इतकी वर्षं त्यांचे शर्ट निवडले असतील, त्या तुझ्या मामींनाही घेऊन यायला सांग. त्यांचाच चेहरा बघू.”

मी मॅडमना मिठी मारली. त्यांना ते आवडलं नाही.

मामी नको नको म्हणत आली. आदल्या दिवशी मॅडमनी तिचा चांगल्या कॅमेऱ्याने फोटो काढून घेतला होता. मामाने खिडक्या बंद केल्या, पडदा तापला, नव्या पंचांनी आपलं काम केलं. मग मॅडमनी पडद्यावर मामीचा फोटो लावला, आणि मॉनिटरच्या शेजारी, पांढऱ्या दिव्याखाली, खऱ्या मामीला खुर्चीवर बसवलं. एकीकडे मामी, दुसरीकडे मामी. दिग्दर्शिका, मॅडम आणि मी समोर बसून एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो. मामा कोपऱ्यात उभा होता. परीक्षेचा निकाल लागायच्या वेळी पोरं उभी राहतात तसा, हात मागे बांधून.

“कसा दिसतोय चेहरा?” त्याने विचारलं. हा प्रश्न त्याने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी विचारला होता.

“तंतोतंत,” मॅडम म्हणाल्या.

“मिरची?”

“अगदी बरोबर आहे, मामा. गालसुद्धा.”

दिग्दर्शिकेने बराच वेळ बघितलं. तिचे एकदा हात पोळलेले होते, ती सहजासहजी हो म्हणणार नव्हती. शेवटी ती म्हणाली, “जुळतंय. खरंच जुळतंय.” मामाने श्वास सोडला तो आम्हाला ऐकू आला.

तेवढ्यात मॅडमना राहवलं नाही. त्यांनी मामीला विचारलं, “तुम्हाला लग्नाआधी माहीत होतं का हो, यांना रंग कळत नाहीत ते?”

“मला कुठलं माहीत असणार?” मामी म्हणाली. “हे दुकानात यायचे, निळ्या कापडाला जांभळा दोरा न्यायचे, दुसऱ्या दिवशी परत. मग तपकिरी कापडाला हिरवा न्यायचे, पुन्हा परत. मला वाटायचं, मुद्दाम करतायत, मला बघायला येतायत. लग्न ठरल्यावर कळलं की खरंच कळत नव्हतं. माझा केवढा विरस झाला असेल!”

“छे!” मामा कोपऱ्यातून म्हणाला. “पहिल्यांदा चुकलं ते खरंच चुकलं होतं. पुढचे सगळे दोरे मी मुद्दाम चुकवले. नीट मिळालेला दोरा परत द्यायला कसं येणार?”

मामीने वळून कोपऱ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, “इश्श. आणि हे इतकी वर्षं सांगितलं नाही?”

“अरे अरे, थांबा!” दिग्दर्शिका खुर्चीतून पुढे झाली. “आता जुळत नाहीये! लाल वाढला!”

मामा धावत आला, पिशवीतून पंच काढले, वायर शोधायला लागला. “कुठे वाढला? आत्ता तर बरोबर होतं! कुठे, कुठे, कोणत्या भागात?”

“मामा, मामा, ठेव ते!” मला हसू आवरेना. “पडदा ठीक आहे. मामी लाल झालीय. लाजलीय ती.”

मामा वायर हातात धरून उभा राहिला. “लाल? म्हणजे खरोखर लाल?”

“मग काय! गाल बघ की. कानापर्यंत गेलंय.”

“लाजून लाल होतात असं म्हणतात ते...” मामा म्हणाला. “मला वाटायचं ते नुसतं बोलायची पद्धत आहे. डोळ्यांत तेल घालून बघतात म्हणतात, पण कोणी खरंच तेल घालतं का? तसंच असेल म्हटलं.” तो मामीकडे बघत होता. “ही नेहमी होते?”

“नेहमी,” मी म्हटलं. “तू हिची चेष्टा केलीस की होते. मी लहान होते तेव्हापासून बघतेय.”

“मला कधी सांगितलं नाहीस,” तो मामीला म्हणाला.

“अहो, ते काय सांगायचं असतं?” मामी म्हणाली आणि तिने तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतलं.

मॅडम उठल्या, चहाचं बघते म्हणाल्या आणि दिग्दर्शिकेला बरोबर घेऊन गेल्या. मामाने पंचांना टेबलावर ठेवलं आणि एक खुर्ची ओढून तो मामीच्या समोर बसला. तिने हात खाली घेतले. तो तिच्या गालांकडे टक लावून बघत होता, तोंड जवळ नेऊन, डोळे बारीक करून. त्याला काहीएक दिसत नव्हतं, हे मला कळत होतं.

“अजून आहे?” त्याने माझ्याकडे न बघता विचारलं.

“आहे.”

“जाईल तेव्हा सांग.”